पर्यावरणवाद्याचे वीजबिल

पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्या कार्यकर्त्याची उलटतपासणी बहुधा त्याच्या घरापासून सुरू होते. धरणाला विरोध करणाऱ्याच्या घरात दिवे कशावर लागतात, तेलशुद्धीकरण प्रकल्प नको म्हणणारा दुचाकीत काय भरतो, हवामानबदलावर व्याख्यान द्यायला आलेला पाहुणा विमानाने आला की रेल्वेने, हे प्रश्न जाहीर सभांत, वाहिन्यांवरील चर्चांत आणि कट्ट्यावरच्या गप्पांत सारख्याच चवीने विचारले जातात. त्यामागची अपेक्षा साधी आहे: लोकांना ब्रह्मज्ञान सांगणाऱ्याने स्वतः कोरडा पाषाण राहू नये. ही अपेक्षा रास्त असली तरी ती कोणाकडून, कोणत्या बाबतीत आणि किती प्रमाणात करावी, याचा विचार क्वचितच होतो, आणि त्यामुळे मागणी चुकीची आहे, मागणी करणारा खोटा आहे आणि मागणी अमलात येण्याजोगी नाही, अशी तीन अगदी निरनिराळी विधाने ‘दांभिकपणा’ या एकाच आरोपाखाली खपून जातात.

यांपैकी पहिल्या विधानाचा निकाल लवकर लागतो. बोलणाऱ्याच्या वर्तनावरून त्याच्या विधानाचा खरेखोटेपणा ठरवणे हा तर्कशास्त्रात फार जुना दोष मानला गेला आहे. ‘तूही तसाच’ एवढे म्हणून मूळ मुद्द्याला बगल द्यायची, असे त्याचे स्वरूप असते. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण नियमितपणे मोजले जात आहे. तेव्हा ते दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होते आणि आता ते ४२० च्या पुढे गेले आहे. हा आकडा सांगणारा माणूस चार मोटारी बाळगतो की सायकल चालवतो, याने त्यात काडीचाही फरक पडत नाही.

उरलेली दोन विधाने मात्र एवढ्या सहजासहजी सुटत नाहीत, आणि त्यासाठी अल गोर यांचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष असलेल्या गोर यांच्या हवामानबदलावरील व्याख्यानांवर आधारलेल्या ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रूथ’ या माहितीपटाला फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्कर मिळाले, आणि दुसऱ्याच दिवशी टेनेसी राज्यातील, खुल्या बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या एका अभ्याससंस्थेने त्यांच्या नॅशव्हिल येथील घराचा वीजवापर जाहीर केला. २००६ या एका वर्षात त्या घराने सुमारे २ लाख २१ हजार युनिट वीज वापरली होती; युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, महाराष्ट्रातील वीजबिलावर जे छापलेले असते तेच. सरासरी अमेरिकी कुटुंबाच्या वापराच्या तुलनेत हा आकडा वीसपटीहून अधिक होता. घरातूनच कार्यालयांचे काम चालते, अपारंपरिक स्रोतांपासून तयार झालेल्या विजेसाठी जादा दर दिला जातो आणि उरलेल्या उत्सर्जनाची प्रतिपूर्ती केली जाते, असा खुलासा गोर यांच्या बाजूने करण्यात आला. प्रतिपूर्ती म्हणजे स्वतःच्या खात्यावर पडलेल्या उत्सर्जनाइतकीच घट दुसरीकडे कोठेतरी, वृक्षलागवड किंवा पवनऊर्जेसारख्या प्रकल्पांना पैसे देऊन, घडवून आणणे. खुलासा खोटा नव्हता, पण ऐकणाऱ्याच्या मनावर ठसा राहिला तो वीसपटीचा. माहितीपटाच्या शेवटी प्रेक्षकांना घरगुती वापर कमी करण्याच्या सूचना दिलेल्या होत्या, आणि गोर यांना हा आरोप जो झोंबला तो याच कारणाने. केवळ कायदे बदलण्याची मागणी त्यांनी केली असती, तर त्यांच्या बिलाला एवढे महत्त्व आले नसते. पुढे त्यांनी छपरावर सौर पॅनेल बसवले, जमिनीखालील स्थिर तापमानाचा उपयोग करून घर गरम-थंड ठेवणारी यंत्रणा घेतली, आणि त्याच वर्षी हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाबरोबर त्यांना शांततेचे नोबेलही विभागून मिळाले. वीसपटीचा आकडा मात्र त्यांच्या टीकाकारांच्या तोंडी अजून आहे.

एखाद्या व्यक्तीने मनावर घेतले तर ती आपला वापर किती कमी करू शकते, याचेही उत्तर शोधले गेले आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील प्राध्यापक टिमोथी गुटोव्स्की यांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेतील निरनिराळ्या राहणीमानांच्या लोकांचा ऊर्जावापर मोजला, त्यांत एक बौद्ध भिक्षू होता आणि अन्नछत्रात जेवून निवाऱ्यात झोपणारा एक बेघर माणूसही होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की अमेरिकेत राहणाऱ्या कोणाच्याही नावावर वर्षाला साधारण साडेआठ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड पडत नाही, आणि हे प्रमाण त्या वेळच्या जागतिक सरासरीच्या दुपटीहून अधिक होते. रस्ते, न्यायालये, पोलीस, सैन्य, रुग्णालये यांवर होणारा खर्च प्रत्येक रहिवाशाच्या वाट्याला येतो आणि तो टाळण्याची सोय कोणालाही नसते. ज्याच्यापाशी टाकून देण्यासारखे काहीच उरलेले नाही असा माणूसही जर या हिशेबात दोषी ठरत असेल, तर ‘आधी स्वतःचे उत्सर्जन शून्यावर आणा, मग बोला’ ही अट म्हणजे प्रत्यक्षात ‘बोलूच नका’ असे सांगण्याची सभ्य रीत ठरते.

उत्सर्जनाचा हिशेब व्यक्तीच्या नावावर मांडण्याची सवय कशी लागली, हेही पाहण्यासारखे आहे. माणसाच्या उपभोगाला किती जमीन आणि पाणी लागते, हे मोजण्याची ‘पारिस्थितिकी पदचिन्ह’ ही कल्पना विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी कॅनडातील विद्यापीठात १९९० च्या दशकात मांडली होती. त्यातून निघालेला ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घरोघरी पोहोचवण्यात मोठा वाटा होता तो ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या जाहिरातींचा. २००४ मध्ये या कंपनीने सामान्य माणसाला स्वतःच्या उत्सर्जनाचा आकडा काढून देणारे गणनयंत्र उपलब्ध करून दिले. तेल विकणाऱ्याने ते विकत घेणाऱ्याच्या अंतःकरणाला हात घालावा, यातली खुबी दाद देण्याजोगी आहे. या मोजणीने अनेकांना आपल्या सवयींचे भान आले हे खरे. पण उत्खनन, वीजनिर्मिती, नगररचना, सार्वजनिक वाहतूक या ज्या गोष्टींचे निर्णय सरकारे आणि कंपन्या घेतात, त्यांच्याकडे लोकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले, हेही तितकेच खरे.

तत्त्वज्ञांनी हाच पेच निराळ्या बाजूने सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांनी २००५ मध्ये असा युक्तिवाद केला, की रविवारी केवळ मौजेखातर पेट्रोल ढोसणारी मोटार फिरवून आणणाऱ्या एका माणसाच्या त्या एका फेरीने कोणाचेही दाखवता येण्याजोगे नुकसान होत नाही, म्हणून त्याचे खरे कर्तव्य फेरी रद्द करण्याचे नसून सरकारला धोरण बदलायला लावण्याचे आहे. ऑक्सफर्डचे जॉन ब्रूम यांना हे पटत नाही. त्यांच्या मते प्रत्येकाच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनाने इतरांचे थोडे का होईना नुकसान होतेच, आणि न्यायाच्या दृष्टीने ते टाळणे किंवा त्याची प्रतिपूर्ती करणे हे व्यक्तीचे कर्तव्यच आहे. ब्रूम यांचा पक्ष अधिक सरस वाटतो. तथापि दोघांपैकी कोणाचेही खरे मानले, तरी हे कर्तव्य सर्वांनाच सारखे लागू होते. चळवळीत उतरल्यामुळे ते कार्यकर्त्यावर अधिक येते आणि घरी स्वस्थ बसणारा त्यातून सुटतो, असे त्यातून निघत नाही.

तरीही कार्यकर्त्याच्या आचरणाकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि त्याचे कारण नीतिशास्त्रापेक्षा मानसशास्त्रात अधिक सापडते. शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना हवामानशास्त्रज्ञांची काल्पनिक वर्णने देण्यात आली होती. ज्याच्या घरचा ऊर्जावापर मोठा आहे असे सांगितले, त्याच्यावरचा विश्वास तर कमी झालाच, पण त्याचा सल्ला मानून स्वतःचा वापर कमी करण्याची ऐकणाऱ्यांची तयारीही घटली. २०१९ च्या पुढील अभ्यासात असे दिसले, की अशा उधळ्या वक्त्याने मांडलेल्या धोरणांना मिळणारा पाठिंबाही घसरतो, मात्र त्याने मागील वर्तन सोडून सुधारणा केल्याचे कळले की गेलेली पत बरीचशी परत येते.

प्रत्यक्ष व्यवहारातील पुरावा याहून ठळक आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची मोहीम गावोगावी राबवली गेली, आणि प्रत्येक गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावण्याचे काम स्थानिक स्वयंसेवकांकडे होते. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ५८ गावांतील आकडे तपासले गेले. ज्या स्वयंसेवकांनी याच मोहिमेतून आपल्या छपरावर पॅनेल बसवून घेतले होते, त्यांनी तसे न केलेल्यांपेक्षा सुमारे ६३ टक्के अधिक घरे मोहिमेत आणली. मानवशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी यापूर्वीच मांडलेली उपपत्ती अशी, की शब्द फुकट असतात हे माणसाला ठाऊक असल्यामुळे बोलणाऱ्याने स्वतः काही पदरमोड करून दाखवली, तरच ऐकणारा त्याच्या बोलण्यावर विसंबतो. पॅनेल बसवलेल्या शेजाऱ्याला ठेकेदाराची वागणूक, छपराची गळती, बिलातील घट हे सारे अनुभवाने सांगता येते, हा भागही त्यात असणारच. एकंदरीत आचरण हा विधानाच्या सत्यतेचा पुरावा नसला, तरी बोलणाऱ्याचा सच्चेपणा आणि मागणीची व्यवहार्यता यांचा तो बऱ्यापैकी चांगला पुरावा आहे.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणेच्या इतिहासात ‘बोलके सुधारक’ आणि ‘कर्ते सुधारक’ अशी वर्गवारी रूढच होती, आणि तिचा चटका बसलेले सर्वांत मोठे नाव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. विधवाविवाहाच्या चळवळीतील या अग्रणीने प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला, तेव्हा विरोधकांना आयते कोलीत मिळाले आणि सहकाऱ्यांना मान खाली घालावी लागली. याउलट विष्णुशास्त्री पंडित यांनी जे सांगितले ते स्वतः विधवेशी विवाह करून दाखवले, आणि धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी विवाह करून मुरूड गावचा बहिष्कार सोसला. यातून कर्ते तेवढे खरे आणि बोलके सारे पोकळ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. रानड्यांचे पाऊल चुकलेच. तरी त्यांनी त्या मुलीला शिकवले, तीच पुढे रमाबाई रानडे म्हणून पुण्याच्या सेवासदनाची आधारस्तंभ झाली, आणि १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल उभे राहण्यात रानड्यांचा वाटा मोठा होता. दुसरीकडे, कर्त्या कर्व्यांनी विधवांसाठी काढलेला आश्रम पुनर्विवाहाच्या प्रचारापासून जाणीवपूर्वक वेगळा ठेवला, कारण त्याशिवाय घाबरलेले पालक आपल्या मुली तेथे धाडणार नव्हते. स्वतः किंमत मोजलेल्या माणसाने ती किंमत इतरांकडून वसूल करण्याचा हट्ट धरला नाही, यातले शहाणपण आजच्या चळवळींना अजून पुरते उमगलेले दिसत नाही.

यंत्रसंस्कृतीवर सर्वांत कठोर टीका करणाऱ्या गांधीजींच्या आयुष्यात तर ही विसंगती पदोपदी आढळते. रेल्वे, डॉक्टर आणि यंत्रे यांच्यावर कोरडे ओढणारे ‘हिंद स्वराज’ त्यांनी नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना आगबोटीवरच लिहिले, आणि हे पुस्तक यंत्रावरच छापले जाणार ना, हा आक्षेप त्यांनी पुस्तकातच उपस्थित करून विषाचा उतारा विषानेच होतो अशा अर्थाचे उत्तर देऊन ठेवले. पुढे देशभर जनजागृती केली ती रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून फिरून. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांच्या आंत्रपुच्छाला सूज आली, तेव्हा त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवून कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाकडून त्यांची शस्त्रक्रिया करण्यात आली, आणि ती चालू असतानाच वीज गेल्यामुळे उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. ज्या विद्येला त्यांनी नावे ठेवली तिनेच त्यांचा जीव वाचवला, असे म्हणून टोचणारे तेव्हाही होते. पण रेल्वे आणि रुग्णालये नष्ट करणे हे आपले उद्दिष्ट नाही, असे त्यांनी १९२१ मध्येच ‘यंग इंडिया’त स्पष्ट केलेले होते. गांधीजींनी विसंगती लपवली नाही आणि तिचे समर्थन करण्यासाठी मूळ टीकाही मवाळ केली नाही, आणि दांभिकपणाचा आरोप त्यांना फारसा चिकटला नाही तो बहुधा यामुळेच. दांभिक माणूस एक सांगतो आणि चोरून दुसरे करतो. आदर्शापाशी पोहोचता न आल्याचे उघडपणे मान्य करणाऱ्याला दांभिक म्हणणे हा भाषेचा सैल वापर झाला.

निर्दोष आचरणाची उदाहरणेही आहेत, पण त्यांचा परिणाम अपेक्षेपेक्षा वेगळा दिसतो. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांनी पुण्याच्या बुधवार पेठेसारख्या गजबजलेल्या भागात आयुष्यभर घरात वीज घेतली नाही, आणि वनस्पती व पर्यावरण यांवरची पुस्तके त्याच घरात दिव्याच्या उजेडात लिहिली. दिलीप कुलकर्णी यांनी अभियंत्याची नोकरी सोडून दापोली तालुक्यातील कुडावळे गावी कमीत कमी ऊर्जेत संसार मांडला, आणि ‘निसर्गायण’ या पुस्तकातून त्या जीवनामागचा विचार मराठीत मांडला. अशा आयुष्यांबद्दल लोकांना आदर वाटतो, वर्तमानपत्रे कौतुकाने लिहितात, आणि ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे म्हणत वाचक पान उलटतो. त्यागाची पातळी फार उंच गेली, की ती अनुकरणाची न राहता दर्शनाची वस्तू होते. शासन तर तेवढीही दाद देत नाही. आयआयटी कानपूरचे माजी प्राध्यापक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव जी. डी. अग्रवाल यांनी उतारवयात संन्यास घेतला आणि गंगेचा प्रवाह अविरल राहावा म्हणून २२ जून २०१८ रोजी उपोषण सुरू केले; १११ दिवसांनंतर, ११ ऑक्टोबरला, त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांच्या मुख्य मागण्या तशाच होत्या. त्यांच्यावर दांभिकपणाचा आरोप करणे त्यांच्या विरोधकांनाही शक्य नव्हते, आणि तरीही त्यांचे ऐकले गेले नाही. शुद्ध आचरण असेल तर लोक आपोआप ऐकतील, असे जे टीकाकार सुचवतात, त्यांनी या प्रसंगाचे काही उत्तर द्यायला हवे.

आचरण पुरेपूर पाळायला गेले तरी नवे आक्षेप निघतात, हे हवामान-कार्यकर्ती ग्रेटा थनबर्ग हिच्या प्रवासाने दाखवून दिले. न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी ती ऑगस्ट २०१९ मध्ये विमान टाळून ‘मालिझिया २’ या शर्यतीच्या शिडाच्या नौकेतून इंग्लंडमधील प्लिमथहून निघाली आणि पंधरवड्याने पोहोचली. पण नौका युरोपात परत नेण्यासाठी काही खलाशांना विमानाने ये-जा करावी लागणार असल्याचे उघड होताच ‘मग उपयोग काय झाला’ असा गलका झाला. गलका करणाऱ्यांचे गणित बरोबर होते. मात्र शिडाची नौका हा अटलांटिक ओलांडण्याचा सर्वांसाठीचा पर्याय आहे, असा दावा मुळात कोणी केलाच नव्हता. तिच्या स्वीडनमध्ये विमानप्रवासाची लाज वाटण्याची भावना याच काळात बोलली जाऊ लागली होती, आणि २०१९ मध्ये तेथील विमानतळांवरील प्रवाशांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी घटली. त्यात मंदावलेल्या अर्थव्यवस्थेचा आणि नव्या करांचाही भाग होता, पण जवळच्या अंतरांसाठी तेथे रेल्वेचे चांगले जाळे उपलब्ध होते, ही बाब त्याहून महत्त्वाची. जेथे पर्याय हाताशी असतो, तेथे उदाहरणाला अनुयायी मिळतात.

म्हणून कार्यकर्त्याला लावायची कसोटी त्याच्या मागणीनुसार बदलली पाहिजे. जो इतरांना मांसाहार, मोटार किंवा विमान स्वखुशीने सोडायला सांगतो, त्याने ते आधी सोडलेले असावे, यात तडजोडीला जागा नाही. कायदा, कर किंवा प्रकल्पाची जागा बदला अशी ज्याची मागणी आहे, त्याला विचारायचा प्रश्न निराळा आहे: तो नियम झाला तर त्याचा बोजा तुम्ही इतरांबरोबर उचलाल का, की तुमच्यासाठी पळवाट ठेवली आहे? खासगी विमानाने हवामान परिषदेला जाणारा श्रीमंत पाहुणा या प्रश्नावर अडखळतो, कारण त्याच्यापुढे साध्या विमानाचा पर्याय असतो आणि तो त्याने नाकारलेला असतो. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला २०१७ ते २०१९ या काळात विरोध करणारा राजापूर तालुक्यातील मच्छीमाराला मात्र अडखळण्याचे कारण नाही. त्याची यांत्रिक नौका डिझेलवर चालते, डिझेल परताव्याची थकबाकी मिळावी म्हणून तो मत्स्यव्यवसाय खात्याकडे खेटेही घालतो, आणि तरीही आपल्या खाडीच्या तोंडाशी प्रकल्प नको असे म्हणण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो, कारण डिझेलशिवाय चालणारी नौका त्याला कोणी देऊ केलेली नाही, आणि प्रकल्पाचा सर्वांत मोठा फटका त्यालाच बसणार होता.

मुंबईतील आरे वसाहतीच्या प्रकरणात ही कसोटी लावून पाहता येते. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तेथे मेट्रो-३ च्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवण्याचा आदेश दिला तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. आंदोलकांना तेव्हा रोज ऐकावे लागे, की तुमच्या इमारतीही झाडे तोडूनच उभ्या राहिल्या आणि मेट्रो झाली की पहिल्यांदा तुम्हीच बसाल. कारशेड आधी कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा आरेत आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्या रात्री झाडांभोवती उभे असलेल्यांपैकी काहीजण आता त्या गाडीने कामावर जात असतील, तर त्यांच्यावर दांभिकपणाचा आरोप टिकत नाही. त्यांची मागणी मेट्रो नको अशी नव्हती, कारशेड दुसऱ्या जागी करा अशी होती. ती मान्य झाली असती तर तिचा वाढीव खर्च आणि विलंब इतर मुंबईकरांइतकाच त्यांनाही सोसावा लागला असता.